सकाळी गाडी पोटावर बसलेली असते, बॅग बदलू का?

गेल्या अंकात एका उत्तरात एअर सस्पेन्शनचा नुसता ओझरता उल्लेख केला, तर त्यावरच एवढे प्रश्न आले की मायलेज आणि क्लचवाल्यांना या वेळी बाजूला बसवावं लागतंय, रागावू नका, पुढच्या वेळी तुमचाच नंबर. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. गाडीच्या स्प्रिंगा काढून तिथे जाड रबराच्या बॅगा बसवतात, डिकीत एक-दोन कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी, मधे व्हॉल्व्हचा एक ठोकळा. बटण दाबलं की गाडी वर, हवा सोडली की फुस्स करून जवळपास जमिनीला टेकते. दादर-पुणे शिवनेरीची व्होल्वो बस हवेच्या बॅगांवरच चालायची, म्हणजे आयडिया काही नवी नाही, फक्त बसवाले आरामासाठी करतात आणि आपली पोरं फोटोसाठी.

प्रश्न : काका नमस्कार. माझी २००८ ची सिव्हिक आहे. किट मावसभावाने अमेरिकेतून आणलं, काही फिटिंग कमी पडले ते आणि थोडा पाइप इथल्याच न्यूमॅटिकच्या दुकानातून घेतला. रात्री गाडी बरोबर उंचीला उभी करतो आणि सकाळी पुढची डावी बाजू पूर्ण बसलेली, टाकीपण १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वरून ६० वर आलेली. टेफ्लॉन टेप तीनदा बदलला. फिटर म्हणतो बॅग फाटलीय, नवीन मागवू का? (इचलकरंजी)

उत्तर : थांब, पैसे खिशातच ठेव. बॅग फाटायला ती कशाला तरी घासावी लागते नाहीतर चिमटावी लागते, आणि फाटली तर सकाळची वाट बघत नाही. तुझ्या पत्रातच उत्तर आहे पण त्याआधी एक गोष्ट समजून घे, तुझ्याकडे एक नाही दोन लिकेज आहेत. व्हॉल्व्ह बंद असताना टाकी वेगळी आणि बॅग वेगळी. टाकीची हवा व्हॉल्व्हमधून गळून बॅगेत जात असती तर तो कोपरा सकाळी वर आलेला दिसला असता, बसलेला नाही. म्हणजे टाकीच्या बाजूला एक भोक आणि डाव्या बॅगच्या बाजूला दुसरं, आणि दोन्ही ठिकाणी संशयित एकच, तो दुकानातला माल.

अमेरिकन किटचे आटे असतात एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे, आणि आपल्याकडच्या न्यूमॅटिकच्या, प्लंबिंगच्या दुकानात सर्रास मिळतात ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. दिसायला सारखे, दोन्हीवर 'पाव इंच' लिहिलेलं, दुकानदारही बिनधास्त देतो. पण पाव इंची एनपीटीला इंचात १८ आटे आणि बीएसपीला १९, त्यात आट्याचा कोनही वेगळा, एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. त्यामुळे होतं काय की दोन-तीन फेरे मस्त जातात, मग एकदम घट्ट लागतं, आपल्याला वाटतं बसलं फिट्ट, पण खरं तर तो आट्यात आटा अडकून रुतलेला असतो आणि बाजूने हवेला वाट मोकळी. तिथे टेफ्लॉन टेपचं अख्खं रीळ गुंडाळलंस तरी आठवडाभर गप्प बसेल आणि पहिल्या खड्ड्यात परत सुरू. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात असं जोर लावून बसवलं असेल तर तिथले आटेही गेले असतील, ते आधी बघ. हा बाण मी स्वतःच्या गाडीवर खाल्लाय. तीन रविवार डिकीत डोकं घालून फुस्स कुठून येतंय ते ऐकत बसलो, चौथ्या रविवारी बायकोने विचारलं की दोन्ही नट एकाच दुकानातले आहेत का, आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

आता पाइप. किटमधला पाइप इंची असतो, दोन सुती म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर, नाहीतर तीन सुती म्हणजे ९.५ च्या आसपास. दुकानात मिळतो ६ आणि १० मिलिमीटर. १० चा पाइप तीन सुतीच्या फिटिंगात जातच नाही म्हणून तिथे माणूस वाचतो, पण ६ चा पाइप पाव इंचीत आरामात जातो, खटकन लॉकही होतो आणि आतल्या ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, नीट टेकत नाही. पाव इंची फिटिंगात ६ चा पाइप घातलेला असेल तर तिथेच बोट ठेव. शिवाय तो निळा मऊ पीयू पाइप असेल तर लगेच काढ, त्यातल्या बऱ्याच पाइपांवर ८ किंवा १० बार छापलेलं असतं तेही थंड असताना, आणि तुझी टाकी १५० ला म्हणजे १० बारच्या वर. ट्रकच्या एअर ब्रेकला लागतो तो नायलॉनचा पाइप घे, मिलिमीटरमध्ये घेतलास तरी चालेल पण मग दोन्ही टोकांची फिटिंग मिलिमीटरमधलीच, खिचडी नको.

शोधायचं कसं तर साबणाचं पाणी. भांड्यांचं लिक्विड आणि पाणी स्प्रेच्या बाटलीत घाल, टाकी फुल भर, गाडी बंद कर, रेडिओ बंद कर, आणि एकेका जोडावर मारून अर्धा मिनिट बघत बस. मोठं लिकेज लगेच फेसाळतं, त्याची भीती नाही, बारीक लिकेज म्हणजे मोहरीएवढा एकच बुडबुडा दहा सेकंदांत हळूच फुगतो आणि तिथेच राहतो, ते बघायला टॉर्च पाहिजे आणि धीर पाहिजे. ज्या फिटिंगमध्ये पाइप नुसता ढकलायचा असतो तिथे टेप बिलकुल लावू नकोस. पाइप कात्रीने किंवा हॅक्सॉने कापला असेल तर टोक तिरकं आणि चपटं झालेलं असतं, पाइप कटरने दोन सेंटिमीटर मागून काटकोनात काप, मार्करने खूण कर आणि खूण आत जाईपर्यंत ढकल. आणि पाइप फिटिंगमधून निघाल्या निघाल्या वळवू नकोस, थोडा सरळ जाऊ दे मग वळव, नाहीतर एका बाजूने ओढ बसून ओ-रिंग उघडी पडते.

सगळे जोड कोरडे निघाले तर व्हॉल्व्ह बघायचा. ठोकळ्याच्या एक्झॉस्टला छोटा पाइप जोडून त्याचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडव. कुठलंही बटण न दाबता बुडबुडे आले तर व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसलाय, आणि नव्वद टक्के वेळा तो कचरा म्हणजे तुझ्याच टेफ्लॉन टेपची चिंधी. म्हणून टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडायचा असतो. मी तर आता टेप सोडून दिला, लिक्विड थ्रेड सीलंट लावतो.

प्रश्न : सकाळी टाकी रिकामी असताना दोन्ही कॉम्प्रेसर व्यवस्थित चालतात, २०० ला आपोआप बंद होतात. पण रस्त्यात १६५ ला परत चालू झाले की फ्यूज उडतो. ३० चा टाकला, ४० चा टाकला, दोन्ही गेले. आता ६० चा टाकायचा का? (नागपूर)

उत्तर : नाही! वायर तीच आणि फ्यूज मोठा करत गेलात तर शेवटी फ्यूजच्या ऐवजी वायर उडते, आणि ती सीटच्या खालून गेलेली असते हे लक्षात घ्या.

रिकाम्या टाकीवर चालतो आणि भरल्यावर परत चालू होताना फ्यूज घेतो, याचा अर्थ कॉम्प्रेसरच्या डोक्यावर टाकीचं प्रेशर बसलेलं आहे. कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मधे चेक व्हॉल्व्ह असतो, हवेला जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. तो कचऱ्याने गळायला लागला किंवा उघडा अडकला की टाकीची हवा उलटी पिस्टनवर येते, मोटर तिला ढकलत सुरू व्हायला बघते आणि जागच्या जागी कुंथते, तेवढ्यात करंट भसाभस वाढतो. कॉम्प्रेसरबरोबर जाळीची एक होज येते, बऱ्याच कंपन्यांचा चेक व्हॉल्व्ह त्या होजच्या टाकीकडच्या टोकातच असतो. फिटरने लांबी पुरेना म्हणून ती होज काढून साधी होज टाकली असेल तर व्हॉल्व्हही तिच्याबरोबर भंगारात गेला, असं मी दोनदा पाहिलंय. तपासायला टाकी २०-३० पर्यंत खाली करा, होज गार होऊ द्या कारण ती चांगलीच भाजते, मग कॉम्प्रेसरकडचं टोक हळू सैल करा, तोंड लांब ठेवून. अडकलेली हवा एकदा फुस्स होऊन थांबली तर व्हॉल्व्ह ठीक, फुस्स चालूच राहिलं तर बदला.

आणि वायरिंगही बघाच. दोन कॉम्प्रेसर मिळून ४० अँपिअरच्या आसपास सहज ओढतात आणि बॅटरी पुढे, कॉम्प्रेसर मागे, म्हणजे पाच मीटर वायर. २.५ स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर असेल तर तेवढ्या अंतरात दीड व्होल्ट वायरच खाते, १६ स्क्वेअरची असेल तर पाव व्होल्टसुद्धा जात नाही. प्रत्येक कॉम्प्रेसरला स्वतंत्र ४० चा रिले, मेन फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, आणि अर्थिंगचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केल्याशिवाय बोल्ट आवळू नका. तुमच्या मे महिन्यात बंद डिकीत कॉम्प्रेसर तापून मधेच बंद पडला तर तो बिघाड नाही, जास्त तापल्यावर मोटर बंद करणारा आतला थर्मल कटआउट आहे, अर्ध्या तासाने परत सुरू होईल.

प्रश्न : पोलोला बॅगा टाकल्यापासून वळणावर गाडी बोटीसारखी कलते. बॅगा हलक्या दर्जाच्या असतील का? (पुणे)

उत्तर : बॅगांचा दोष नाही रे, एक काम कर, खाली वाकून बघ पुढच्या दोन बॅगांना एकच पाइप येऊन टी मारून वाटलाय का. पैसे वाचवायला चारऐवजी दोनच व्हॉल्व्ह लावतात, एक पुढे एक मागे. मग उजवीकडे वळलास की वजन डावीकडे जातं, डावी बॅग दबते आणि तिची हवा टीमधून सरळ उजव्या बॅगेत, म्हणजे जी बाजू खाली चाललीय ती अजून खाली आणि जी वर चाललीय ती अजून वर. बॅगा एकमेकींशी खो-खो खेळतात आणि मधे तू. याला इलाज एकच, चारही चाकांना स्वतंत्र व्हॉल्व्ह. आणि बॅगला लागतो म्हणून पुढचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे गाडीचं कलणं आवरणारी दांडी, काढून ठेवलाय का तेपण विचार, फिटर लोक हे सांगत नाहीत. खंबाटकीच्या वळणात असली गाडी घालू नकोस.

प्रश्न : जानेवारीत दुपारी टाकी १०० दाखवते आणि पहाटे ९१. साबण लावून थकलो, एक बुडबुडा नाही. गाडीपण बोटभर खाली. (निफाड)

उत्तर : निफाडची थंडी आहे ही, लिकेज नाही. बंद डिकीत दुपारी ३५ डिग्री आणि पहाटे १० धरले तर गणितानेच टाकीचं १०० चं ९१ होतं. बॅगेचं जरा वेगळं, तिच्यावर गाडीचं वजन आहे तेवढंच त्यामुळे प्रेशर तेवढंच राहतं पण हवा आठ टक्के आकसते, म्हणून गाडी एखादा सेंटिमीटर बसते. उन्हं वर आली की आपोआप उठेल. झोपा निवांत.

प्रश्न : पावसाळ्यात बटण दाबलं की व्हॉल्व्हमधून पाण्याचे शिंतोडे येतात आणि दोन व्हॉल्व्ह अडकायला लागलेत. पाणी शिरतंय कुठून? (रत्नागिरी)

उत्तर : शिरत नाहीये, तुम्हीच भरताय. कोकणातली हवा म्हणजे अर्धं पाणीच. ३० डिग्री आणि ८० टक्के दमटपणा धरला तर एक घनमीटर हवेत २४ ग्रॅम वाफ असते. तुमची पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची टाकी रिकामीपासून १५० पर्यंत भरायला साधारण दोनशे लिटर बाहेरची हवा आत कोंबावी लागते, आणि टाकी गार झाली की त्या वाफेतली चार-साडेचार ग्रॅम पाणी होऊन तळाशी बसते. म्हणजे एका भरण्याला जवळपास चहाचा एक चमचा! पावसाळाभर काढलंच नाही तर कपबशी भरेल.

टाकीला पाणी सोडायचा ड्रेन कॉक असतो, पण बऱ्याच गाड्यांत टाकी दिसायला छान दिसावी म्हणून फिरवून बसवतात आणि ड्रेन जातो वर किंवा बाजूला, मग तो कॉक उघडून काय उपयोग. ड्रेन सगळ्यात खाली आला पाहिजे. पावसाळ्यात आठवड्याला एकदा टाकीत थोडं प्रेशर ठेवून कॉक उघडा, ट्रकवाले टाक्यांचं पाणी काढतात तसंच. लालसर पाणी आलं तर टाकी लोखंडी आहे आणि आतून गंजतेय, तो गंजच व्हॉल्व्हमध्ये जातोय, ती टाकी बदला, गंजलेल्या टाकीत दहा बार ठेवून डिकीत बसवणं बरं नाही. हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावायचा तर टाकीच्या नंतर आणि व्हॉल्व्हच्या आधी लावा. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा इतकी गरम असते की पाणी वाफ होऊनच ट्रॅपमधून निघून जातं. आणि कॉम्प्रेसरचा एअर फिल्टर गाडीच्या खाली असेल तर पाइप टाकून डिकीच्या आत घ्या.

प्रश्न : सहा महिन्यांत पुढचे दोन्ही टायर आतून तारा दिसेपर्यंत गेले, बाहेरून नवे. अलाइनमेंट दोनदा केली. (कोल्हापूर)

उत्तर : अलाइनमेंट कुठल्या उंचीला केलीस ते सांग की भावा? गाडी खाली गेली की चाकं वरून आत झुकतात, तो कॅम्बर, आणि त्याबरोबर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं, तेही बदलतं, टायर खातो तो मुख्यतः टो, कॅम्बर नाही. तू चालवतोस एका उंचीला आणि मशीनवर गाडी चढेना म्हणून फुल वर करून अलाइनमेंट केली असेल तर ते आकडे त्या उंचीचे, तुझ्या रोजच्या उंचीचे नाहीत. मशीनवर चढल्यावर परत रोजच्या उंचीला आण, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजून चारही आकडे लिहून ठेव, आणि पोराला सांग हवेला हात लावायचा नाही. प्रेशरचा आकडा बघून उंची ठरवू नकोस, मागे दोघं बसले की त्याच प्रेशरला गाडी खाली जाते.

प्रश्न : स्पीडब्रेकरला अडकू नये म्हणून चालवताना किती उंची ठेवावी? (सोलापूर)

उत्तर : इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा. २.७ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी त्यावर पूर्ण चढली तर पोटाखाली साडेपाच सेंटिमीटर पुरतात, वर दबायला थोडे धरा, म्हणजे नियमाच्या ब्रेकरवर गाडी चांगली खाली ठेवूनही निघते. पण तुमच्या गल्लीतला ब्रेकर नियमाचा नाही ना, तो कुणीतरी रात्रीत घातलेला हातभर रुंद आणि वीतभर उंच डांबराचा बांध आहे. तिथे फुल वर करा, तिरकं काढा, मागच्याला हॉर्न वाजवू द्या.

प्रश्न : इथे कॅलिफोर्नियात जुन्या लोरायडर गाड्या बघून वेड लागलंय. त्या एअरवर असतात की हायड्रॉलिकवर? (सॅन होजे)

उत्तर : अस्सल लोरायडर, म्हणजे जमिनीलगत खाली आणलेली गाडी, ती हायड्रॉलिकवर, म्हणजे हवेऐवजी तेलाच्या दाबावर, आणि त्यामागे किस्सा आहे. १९५८ पासून तिथे कायदा होता की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेच्या खाली येता कामा नये. तर १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले, पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तो कायदा निघाला थेट २०२४ च्या १ जानेवारीला. तुम्हाला रोज ऑफिसला न्यायची असेल तर एअर घ्या, नाचवायची असेल तर तेल.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला आहे, हे सगळं करायचं म्हणून मागे लागलाय. आरटीओत पास होतं का? आणि धोका किती? (ठाणे, एक आई)

उत्तर : ताई, सरळ सांगतो, पास होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलंय, आणि कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आयतं कोलीत. कंपनीतूनच एअर सस्पेन्शन आलेली गाडी असेल तर प्रश्नच नाही, पण ती मुलाच्या काय माझ्याही बजेटमध्ये नाही. इथे ज्या गाड्या दिसतात त्या बहुतेक शोच्या, ट्रेलरवरून नेलेल्या नाहीतर दंड भरत फिरणाऱ्या. मी हे पान लिहितो म्हणून करा असं म्हणत नाही.

तो तरीही मित्राच्या गॅरेजात हात घालणारच, या वयात कोण ऐकतं, तर तुम्ही फक्त एक गोष्ट त्याच्याकडून करून घ्या. बॅगवर उभी असलेली गाडी एखादा पाइप सुटला की सेकंदभरात खाली येते, जॅकही सुटतो, आणि खाली माणूस असतो. म्हणून बॅगांच्या आधी गाडी टेकवायच्या चार लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) घ्यायला लावा, चेसिसखाली, सपाट काँक्रीटवर, विटा-बिटा नाहीत. त्या घ्यायला पैसे तुम्हीच द्या, आणि एकदा स्वतः खाली जाऊन बघा लावल्यात का.